बूटपीटॅब ते केआ: फायली नव्हे, पॅकेटं जुळवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळांत काहीशे मशीनं नेटवर्कवरून बूट होतात. त्यांची निम्मी यादी फार जुन्या बूटपीटॅब फायलीत (बूटपीडी या जुन्या सर्व्हरची यादी) आहे, निम्मी डीएचसीपीडी.कॉन्फमध्ये, म्हणजे आयएससी या संस्थेच्या डीएचसीपीडी सर्व्हरच्या फायलीत. सर्व्हर बदलायचा आहे, नवीन सर्व्हरवर केआ (आयएससीचाच नवा डीएचसीपी सर्व्हर) बसवायचं ठरलंय, आणि दोन्ही फायली सरळ जेसनमध्ये (केआच्या फायलीची मांडणी) करून देणारी एखादी स्क्रिप्ट आहे का, असं विचारलंय.

निम्म्या कामापुरती आहे. डीएचसीपीडी.कॉन्फसाठी आयएससीनंच केआ मायग्रेशन असिस्टंट नावाचं साधन दिलंय, सगळे त्याला कीआमा म्हणतात. बूटपीटॅबसाठी शंभरेक ओळींची पायथन स्क्रिप्ट स्वतः लिहावी लागेल आणि ती अवघड नाही. पण स्क्रिप्टमधून जे निघतं ती केआला मान्य होणारी फाइल असते. मशीनं त्यावर बूट होतील याची हमी त्यात नसते. जुने सर्व्हर बरीच कामं कुठेही न लिहिता, गुपचूप करत आले आहेत. फाइल बदलताना नेमकी तीच गळतात, आणि सोमवारी सकाळी लॅब उघडली की कळतं. म्हणून माझं म्हणणं असं, की रूपांतर फाइलीचं करा पण पडताळणी पॅकेटांची करा.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. बूटपी, म्हणजे चालू होणाऱ्या मशीनला पत्ता आणि बूटफाइल सांगायचे नियम, १९८५ सालचा, आरएफसी ९५१. डीएचसीपी १९९३ मध्ये आला आणि आज आपण वापरतो तो आरएफसी २१३१ हा १९९७ चा. डीएचसीपीचं पॅकेट म्हणजे बूटपीचंच पॅकेट, मागे ऑप्शनांची (क्रमांक दिलेल्या जादा माहितीची) शेपटी लावलेलं. त्यामुळे बूटपीटॅबमधली बहुतेक प्रत्येक गोष्ट आजही कुठे ना कुठे जागा शोधू शकते. आयएससी डीएचसीपीची देखभाल मात्र २०२२ च्या अखेरीस थांबवली गेली. सुरक्षेची भोकं आता तिथे कुणी बुजवणार नाही, तेव्हा केआकडे जायचा तुमचा निर्णय योग्यच आहे. एकच तीस-चाळीस मशीनांची लॅब असती तर मी डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर सुचवला असता. त्यात टीएफटीपी (बूटफाइल उतरवून देणारी साधी सेवा) सुद्धा आतच मिळतं. काहीशे मशीनं आणि अनेक सबनेट म्हटल्यावर केआच बरं.

कशालाही हात लावण्याआधी चालू सर्व्हरवर टीसीपीडम्प (पॅकेटं टिपणारं साधन) लावून ठेवा. पोर्ट ६७ आणि ६८, आणि कुठे विंडोज डिप्लॉयमेंट किंवा दुसरा प्रॉक्सी डीएचसीपी (फक्त बूटची माहिती देणारा सर्व्हर) असण्याची शक्यता असेल तर ४०११ पण. पॅकेट पूर्ण साठवा. मग प्रत्येक प्रकारच्या मशीनपैकी एकेक बंद-चालू करा: जुनं बायोसवालं, नवीन यूईएफआयवालं, डिस्क नसलेलं, प्रिंटर, जे असेल ते. ती पॅकेटं वायरशार्कमध्ये (ती वाचायचं साधन) उघडून प्रत्येकाच्या उत्तरातल्या चार गोष्टी उतरवून घ्या: हेडरमधला पुढच्या सर्व्हरचा पत्ता, हेडरमधलं फाइलीचं नाव, ऑप्शन ६६ व ६७ (टीएफटीपी सर्व्हरचं आणि बूटफाइलीचं नाव) आहेत की नाहीत, आणि बाकी कोणते ऑप्शन गेले. हा तक्ता म्हणजे तुमचा खरा करारनामा. उद्या केआनं याच मशीनला हेच उत्तर दिलं पाहिजे.

आता बूटपीटॅब. एका मशीनची नोंद साधारण अशी असते: आधी नाव, मग कोलननं तोडलेले दोन अक्षरांचे टॅग. एचटी म्हणजे हार्डवेअरचा प्रकार, एचए म्हणजे कार्डाचा पत्ता, आयपी, एसएम म्हणजे मास्क, जीडब्ल्यू म्हणजे गेटवे, बीएफ म्हणजे बूटफाइल, एचडी म्हणजे ती फाइल ज्या फोल्डरात आहे ते, एसए म्हणजे टीएफटीपी सर्व्हर, आरपी म्हणजे रूट पाथ (डिस्क नसलेल्या मशीनचा मुख्य फोल्डर सर्व्हरवर कुठे आहे ते), आणि टीसी म्हणजे ‘बाकीचं त्या साच्यातून घे’. तुमच्या फाइलीत बहुधा वर एक साचा असेल, ‘.लॅब’ अशासारख्या नावाचा, आणि खाली ‘लॅब०७’ची ओळ नुसती एचए, आयपी आणि ‘टीसी=.लॅब’ एवढीच.

स्क्रिप्ट लिहिताना पहिला मोह होतो तो ओळ कोलनवर तोडण्याचा. तोडू नका. डिस्क नसलेल्या मशीनांच्या आरपीमध्ये ‘१०.२०.१.५:/एक्सपोर्ट/रूट’ असं अवतरणचिन्हांत लिहिलेलं असतं, त्यातला कोलन टॅग तोडायचा नसतो. आधी ओळीच्या शेवटच्या बॅकस्लॅशनं जोडलेल्या ओळी एकत्र करा, मग अवतरणांचं भान ठेवून तुकडे करा. साच्यात दुसरा साचा असू शकतो, तेव्हा टीसी उलगडताना पुन्हा पुन्हा उलगडावा लागतो. मशीनच्या स्वतःच्या ओळीतला टॅग साच्यातल्या टॅगवर मात करतो. आणि टॅगच्या पुढे @ असेल तर त्याचा अर्थ साच्यातून आलेला तो टॅग रद्द. हे @ लोक विसरतात. मग ज्या एका मशीनला मुद्दाम गेटवे दिला नव्हता, त्याला रूपांतरानंतर गेटवे मिळतो.

दुसरी गंमत आकड्यांची. बूटपीटॅबमध्ये आयपी पत्त्यातला शून्यानं सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीनं वाचला जातो. रकाने सरळ रेषेत दिसावेत म्हणून कुणी ‘१०.२०.३.०१०’ लिहिलं असेल तर त्या मशीनला आजवर मिळालेला पत्ता १०.२०.३.८ आहे, दहा नाही. पायथनमध्ये भोळेपणानं आकडा केला तर दहा येईल, आणि दहा नंबर दुसऱ्याच मशीनचा असेल. ०८ किंवा ०९ अशी नोंद सापडली तर ती अष्टमानात बसतच नाही, म्हणजे जुन्या सर्व्हरनं तिचा काय अर्थ लावला हे नुसत्या फाइलीवरून सांगता येत नाही. अशा नोंदी वेगळ्या काढून एकेक तपासा.

कार्डाचा पत्ता इथे सलग बारा अक्षरांत असतो, केआसाठी दोन-दोन अक्षरांत कोलन घालून लहान लिपीत आणा. व्हीएम टॅग सरळ टाकून द्या, त्याला आता काही अर्थ नाही. बीएस म्हणजे बूटफाइलीचा आकार, ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत. पीएक्सईला (आजच्या नेटवर्क बूटच्या पद्धतीला) त्याची गरज नाही, एखादं पुराणं टर्मिनल अजून जिवंत असेल तरच ऑप्शन १३ म्हणून ठेवा. टीओ म्हणजे वेळेतला फरक सेकंदांत. भारतासाठी ऑप्शन २ मध्ये १९८०० जायला हवा. जुन्या फाइलीत चिन्ह उलटं दिसलं तर दचकू नका, पण नव्या फाइलीत धनच लिहा.

‘टी’ आणि पुढे आकडा असे टॅग असतील तर ते थेट ऑप्शन क्रमांक असतात. एचपीच्या जेटडायरेक्ट प्रिंटरांसाठी टी१४४ मध्ये टीएफटीपीवरच्या कॉन्फिग फाइलीचं नाव द्यायची पद्धत होती, ती अनेक ठिकाणी अजून सापडते. केआमध्ये अशा ऑप्शनाची आधी व्याख्या करावी लागते: क्रमांक १४४, स्वतः ठरवलेलं नाव, प्रकार स्ट्रिंग. मग त्याची किंमत. आणि इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. क्लायंट आपल्या विनंतीत कोणते ऑप्शन हवेत त्याची यादी पाठवतो आणि केआ साधारणपणे त्या यादीप्रमाणेच देतो. शुद्ध बूटपी बोलणारा प्रिंटर अशी यादी पाठवतच नाही. जुना सर्व्हर त्याला सगळं वाढून मोकळा व्हायचा. केआमध्ये त्या ऑप्शनावर ‘ऑलवेज-सेंड’ खरं करावं लागतं. शिवाय शुद्ध बूटपीसाठी केआचं बूटपी हूक (वेगळा जोडभाग) जोडावं लागतं, ते नसेल तर त्या प्रिंटरला उत्तरच मिळणार नाही. डीएचसीपीडीमध्ये बूटपी अंगभूत होतं म्हणून हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता ज्या दोन गोष्टींनी सर्वांत जास्त लॅबा बंद पाडलेल्या मी पाहिल्यात त्या.

पहिली: पुढच्या सर्व्हरचा पत्ता. बूटपीटॅबमध्ये एसए दिला नसेल तर बूटपीडी स्वतःचाच पत्ता भरायचा. आयएससीच्या जुन्या आवृत्त्याही तेच करायच्या. टीएफटीपी त्याच मशीनवर असल्यामुळे सगळं आपोआप चालायचं आणि फाइलीत एक अक्षरही लिहावं लागायचं नाही. केआमध्ये ‘नेक्स्ट-सर्व्हर’ लिहिला नाही तर शून्य-शून्य-शून्य-शून्य जातो. काही रॉम (नेटवर्क कार्डातले बूट प्रोग्रॅम) मग डीएचसीपी सर्व्हरलाच टीएफटीपी समजून काम भागवतात, काही भागवत नाहीत. त्यामुळे निम्मी मशीनं चालतात, निम्मी पीएक्सई-ई३२ म्हणजे टीएफटीपी टाइमआउट दाखवून थांबतात, आणि माणसं स्विच, केबल, फायरवॉल तपासत बसतात. फाइलीत कुठेच न लिहिलेली ही ओळ स्क्रिप्टला दिसणार कशी? ती तुमच्या पॅकेटच्या तक्त्यात मात्र ठळक दिसते.

दुसरी: बूटफाइलीचं नाव दोन जागी जाऊ शकतं. एक, पॅकेटच्या हेडरमधल्या फाइलीच्या रकान्यात. दोन, ऑप्शन ६७ मध्ये. डीएचसीपीडीमध्ये ‘फाइलनेम’ लिहिलं की हेडर, ‘ऑप्शन बूटफाइल-नेम’ लिहिलं की ऑप्शन ६७. केआमध्ये दोन्हींचं नाव सारखंच आहे: ‘बूट-फाइल-नेम’. तो क्लासमध्ये, सबनेटमध्ये किंवा नोंदीत सरळ लिहिला तर हेडरमध्ये जातो, आणि ‘ऑप्शन-डेटा’च्या यादीत घातला तर ऑप्शन ६७ म्हणून जातो, तोही क्लायंटनं मागितला तरच. इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. पीएक्सई-ई५३, म्हणजे फाइलीचं नावच आलं नाही, ही तक्रार आली की आधी हेच बघा. बायोसच्या जुन्या रॉमना हेडर लागतो. मी हेडर नेहमी भरतो, ऑप्शन ६७ फक्त तक्त्यात तसा दिसला तरच.

बूटपीटॅबमधल्या एचडी आणि बीएफ यांची जोडणीही हातानं करावी लागते. बूटपीडी फोल्डर आणि फाइल जोडून पूर्ण मार्ग पाठवायचा, आणि टीडी टॅग असेल तर टीएफटीपीच्या मुळाचा भाग आधी कापायचा. तुमचा नवा टीएफटीपी सर्व्हर मूळ फोल्डरात बंदिस्त असेल तर ‘/टीएफटीपीबूट/पीएक्सईलिनक्स.०’ मागितल्यावर तो ‘/टीएफटीपीबूट/टीएफटीपीबूट’मध्ये शोधायला जाईल. उपाय सोपा आहे, मार्गातला पुढचा जादा भाग कापायचा, पण तक्त्यातला मार्ग आणि टीएफटीपीच्या लॉगमधला मार्ग शेजारी ठेवूनच करा.

साच्यांचं काय करायचं? कीआमा किंवा घरची स्क्रिप्ट, दोघांनाही साचे आणि ‘ग्रुप’ सपाट करून प्रत्येक नोंदीत सगळं ओतणं सोपं जातं. तसं केलंत तर काहीशे नोंदींत तेच फाइलीचं नाव काहीशे वेळा येईल आणि पुढच्या वर्षी कर्नल बदलताना तुम्ही मला शिव्या द्याल. केआमध्ये ग्रुप नाही, पण क्लायंट क्लास (मशीनांचा गट) आहे, आणि राखीव नोंदीतून (एका कार्डाला ठरलेला पत्ता देणाऱ्या नोंदीतून) मशीनला क्लास देता येतो. तेव्हा प्रत्येक साच्याचा एक क्लास करा: ‘लॅब-अ’, ‘लॅब-ब’. नोंदीत फक्त कार्डाचा पत्ता, आयपी, नाव आणि क्लासचं नाव. बूटपीटॅब लिहिणाऱ्यानं जी शिस्त पाळली होती ती तशीच पुढे जाते.

क्लास करताना अग्रक्रम बघा, कारण तो उलटा झालाय. डीएचसीपीडीमध्ये क्लासमधला ऑप्शन सबनेटमधल्या ऑप्शनावर मात करायचा. केआमध्ये ऑप्शनांच्या बाबतीत राखीव नोंद, मग पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा), मग सबनेट, मग शेअर्ड नेटवर्क, त्यानंतर क्लास आणि शेवटी ग्लोबल असा क्रम लागतो. म्हणजे सबनेटमध्ये रूट पाथ ठेवून क्लासमध्ये वेगळा दिलात तर क्लासचा कुणी विचारणार नाही. बूटशी संबंधित काहीही एकाच पातळीवर ठेवा, शक्यतो क्लासमध्येच, म्हणजे हा वाद उद्भवत नाही.

रूट पाथवरून आठवलं. एनएफएसचे (नेटवर्कवरून फोल्डर वापरायच्या पद्धतीचे) पर्याय त्यात स्वल्पविराम देऊन लिहायची पद्धत आहे, ‘नोलॉक, टीसीपी’ वगैरे. केआ ऑप्शनाच्या मजकुरात स्वल्पविराम दिसला की तिथे तोडतो. त्याच्या आधी जेसनमध्ये दोन बॅकस्लॅश द्यावे लागतात.

यूईएफआय आणि बायोस एकत्र असतील, आणि आता ते असतातच, तर ‘इफ-एल्स’ची ती लांबलचक साखळी डीएचसीपीडी.कॉन्फमध्ये असणार. ऑप्शन ९३ मध्ये मशीन आपला प्रकार सांगतं: ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिटांचं यूईएफआय (काही रॉम ९ पाठवतात, दोन्ही धरा), ११ म्हणजे ६४ बिटांचं एआरएम. केआमध्ये प्रत्येकासाठी एक क्लास आणि त्याच्या ‘टेस्ट’मध्ये ऑप्शन ९३ ची हेक्स किंमत. कीआमा साध्या अटी बऱ्या बदलतो, पण साखळीतला ‘नाहीतर’ केआत नसतो. प्रत्येक क्लास स्वतंत्रपणे तपासला जातो आणि एक मशीन अनेक क्लासांत बसू शकतं. आयपीएक्सई (रॉमनंतर उतरवला जाणारा जास्त सोयींचा बूट प्रोग्रॅम) वापरत असाल तर इथेच चक्र सुरू होतं: रॉमनं आयपीएक्सई उतरवलं, आयपीएक्सईनं पुन्हा डीएचसीपी विचारलं, प्रकार तोच, म्हणून त्याला पुन्हा आयपीएक्सईच मिळालं, आणि मशीन दिवसभर स्वतःलाच उतरवत बसतं. ऑप्शन ७७ मध्ये ‘आयपीएक्सई’ असेल तो एक क्लास सर्वांत आधी लिहा, आणि खालच्या प्रत्येक क्लासच्या अटीत ‘त्या क्लासचा सदस्य नसेल तर’ असं जोडा. क्रम महत्त्वाचा आहे. ज्याचं सदस्यत्व तपासायचं तो क्लास वर असावा लागतो.

आता ओळखीचा प्रश्न, जो पहिल्या दिवशी कळत नाही, आठवड्यानं कळतो. डीएचसीपीडीमध्ये ‘फिक्स्ड-ॲड्रेस’ दिलेल्या मशीनची लीज (मुदतीनं दिलेल्या पत्त्याची नोंद) नोंदवलीच जात नाही, पत्ता नुसता सांगितला जातो. केआ राखीव पत्त्याचीही लीज करतो आणि साठवतो. लीजचा मालक ठरवताना तो क्लायंट आयडीला, म्हणजे ऑप्शन ६१ ला, आधी मान देतो. नेटवर्कवरून बूट होणारं मशीन एका बुटात तीन वेगवेगळ्या तोंडांनी बोलू शकतं: रॉम ऑप्शन ६१ मध्ये यूयूआयडी पाठवेल किंवा काहीच पाठवणार नाही, आयपीएक्सई कार्डाच्या पत्त्यावरून बनवलेला आयडी पाठवेल, आणि वर आलेलं लिनक्स सिस्टमडी-नेटवर्कडीवालं असेल तर ड्यूआयडीवरून (मशीनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून) बनवलेला. कार्ड एकच, पण केआला ते तीन गिऱ्हाइकं वाटतात. पूलमधून पत्ते जात असतील तर एकेक मशीन तीन पत्ते खातं. राखीव असेल तर पत्ता आधीच दुसऱ्याकडे गेलाय असं समजून केआ अडतो. उपाय एका ओळीचा आहे: त्या सबनेटमध्ये ‘मॅच-क्लायंट-आयडी’ खोटं करा, म्हणजे तो फक्त कार्डाचा पत्ता बघेल. बूटच्या सबनेटांना मी हे डोळे झाकून लावतो.

डीएचसीपीडीमध्ये मशीनची नोंद फाइलीत कुठेही लिहिली तरी ती सगळीकडे लागू असते. केआमध्ये पत्ता राखणारी नोंद साधारणपणे सबनेटच्या आत असते. एकच लॅपटॉप दोन सबनेटांत फिरत असेल तर दोन्हीकडे नोंद हवी. आणि एका पत्त्यावर दोन कार्डं, वायरचं आणि वायफायचं, असं कुणी केलं असेल तर केआ मुळात फाइलच नाकारतो. मुद्दाम तसं हवंच असेल तर ‘आयपी-रिझर्व्हेशन्स-युनिक’ खोटं करता येतं, पण मी आधी त्या माणसाला विचारेन की खरंच हवंय का. फिक्स्ड-ॲड्रेसमध्ये आयपीऐवजी मशीनचं नाव लिहिलेलं असेल तर रूपांतर करतानाच ते नाव सोडवून आकडा लिहा. केआला आकडाच लागतो. आणि त्या दिवशी डीएनएसमध्ये जे असेल तेच कायमचं कोरलं जाईल, तेव्हा डीएनएस आधी तपासा.

कीआमा चालवल्यावर जी फाइल येते ती वरून खाली पूर्ण वाचा. जे त्याला जमलं नाही ते तो टिप्पणी म्हणून मध्ये मध्ये ठेवतो, आणि केआ टिप्पण्या चालवून घेतो, म्हणजे फाइल बिनतक्रार चढते आणि तो भाग नुसताच गायब असतो. मग केआच्या ‘-टी’ पर्यायानं तपासून घ्या. तपासणीत पास झाली म्हणजे व्याकरण बरोबर, एवढंच.

प्रत्यक्ष बदलाच्या आधी काही दिवस जुन्या सर्व्हरवर लीजचा काळ उतरवून तासाभरावर आणा. जुनी लीज फाइल केआ वाचत नाही, कीआमाही ती बदलत नाही. आयएससी पूलमधला पत्ता देण्याआधी पिंग करून बघायचा, केआ आपणहून तसं बघत नाही. जुन्या लीज लांब मुदतीच्या राहिल्या तर पूलमध्ये एकाच पत्त्यावर दोन मशीनं येतील. राखीव नोंदींना हा धोका नाही.

चाचणीसाठी एक स्वतंत्र व्हीलॅन (स्विचवर वेगळं तोडलेलं नेटवर्क) घ्या, त्यात प्रत्येक प्रकारचं एक मशीन आणून केआसमोर बूट करा, टीसीपीडम्प लावा आणि सुरुवातीच्या तक्त्याशी एकेक रकाना ताडून बघा. फरक दिसला तर त्याचं कारण सांगता आलं पाहिजे: ‘हा ऑप्शन मुद्दाम काढला’ हे चालेल, ‘मशीन चालतंय ना’ हे चालणार नाही, कारण चालतंय ते या रॉमवर. बदल लॅब-लॅबनं करा. रिले (मशीनची विनंती दुसऱ्या नेटवर्कातल्या सर्व्हरकडे पोहोचवणारी सोय) असेल तर स्विचवर एका व्हीलॅनचा रिलेचा पत्ता बदलायचा आणि दोन दिवस बघायचं. एकाच व्हीलॅनवर दोन्ही सर्व्हर एकदम उत्तर देत आहेत असं मात्र होऊ देऊ नका. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल ते मशीन घेईल आणि तुमच्या निरीक्षणांना काही अर्थ उरणार नाही. प्रिंटर सर्वांत शेवटी हलवा. ते महिनोन्‌महिने बंद होत नाहीत, त्यामुळे त्यांचं बिघडलेलं फार उशिरा कळतं. हलवल्यावर प्रत्येकाचं बटण स्वतः जाऊन बंद-चालू करा.